कौलं उतरवून पत्रा टाकायचा आहे: तिघांचे दर तीन आणि फूटही तीन. हिशेब कसा लावायचा?

बावड्याचं_घर विचारतात:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात जुनं कौलारू घर आहे, चारी बाजूंनी मोकळं. भिंतीच्या बाहेरून माप ३० बाय २५ फूट. भिंती १५ इंची, वीट आणि मातीच्या, वरून सिमेंटचा गिलावा. मधे आढं (छपराचा वरचा कणा), दोन पाखी (उतरत्या बाजू), वळचण (भिंतीबाहेर आलेलं छप्पर) चारी बाजूंनी २ फूट बाहेर. उतार ३० अंशांच्या आसपास. तुळया आणि वासे सागवानी, रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या) मात्र बऱ्याच ठिकाणी कुजल्यात. दरवर्षी शाकारणी करून भागत नाही, म्हणून यंदा छप्परच बदलायचं ठरलंय.

तीन ठेकेदार बघून गेले. तिघंही म्हणतात ‘कलर पत्रा’.

पहिला: १९० रुपये चौरस फूट, ७५० फूट, म्हणजे १,४२,५००.
दुसरा: ३२० रुपये फूट, ९८६ फूट, म्हणजे ३,१५,५२०.
तिसरा: २६५ रुपये फूट, ११३९ फूट, म्हणजे ३,०१,८३५.

घर एकच, मग फूट तीन कसे? खरा आकडा कोणता? आणि या दरात काय धरलंय, काय सोडलंय हे कसं ओळखायचं? पत्र्याऐवजी परत कौलं किंवा थेट स्लॅब घेतला तर कसं, हेही सांगा. काम मिरगाच्या आत संपवायचं आहे.

---

मोजपट्टी यांचं उत्तर:

तिघांनीही मोजलंय बरोबर, पण तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात.

पहिल्याने भिंतीच्या बाहेरून घराचं तळमाप घेतलं: ३० × २५ = ७५० फूट. दुसऱ्याने वळचण धरली. दोन्ही बाजूंना २-२ फूट वाढले की ३४ × २९ = ९८६ फूट. तिसऱ्याने उतारावरून टेप टाकला. पत्रा उतारावर बसतो, तळमापावर नाही, म्हणून तिसऱ्याचं मापच खरं.

हे घरबसल्या काढता येतं. वळचणीसकट तळमाप घ्यायचं आणि उताराप्रमाणे गुणायचं: २५ अंशांना १.१०, ३० अंशांना १.१५५, ३५ अंशांना १.२२. तुमचं ९८६ × १.१५५ = ११३९ फूट, म्हणजे साधारण ११.४ ब्रास. (इथे ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा असतो, कोटेशनमध्ये दोन्ही येतात, घोटाळा करू नका.) उताराचा अंदाज नसेल तर वळचणीच्या टोकापासून आत १२ इंच आडवे मोजा आणि तिथे उंची किती चढली ते बघा. ७ इंच चढली तर ३० अंश.

आता तिघांची रक्कम एकाच मापाने भागा. पहिला पडतो १२५ रुपये, दुसरा २७७, तिसरा २६५. म्हणजे फुटाला ३२० सांगणारा आणि २६५ सांगणारा यांच्यात फरक फक्त १२ रुपयांचा. आणि १९० वाला स्वस्त नाही, तो अर्धंच काम सांगतोय. १२५ रुपयांत पत्रा, स्क्रू आणि मजुरी बसते, नवा सांगाडा बसत नाही. त्याला एकच प्रश्न विचारा: वासे आणि रिपा कुणाच्या?

यापुढे कुणाकडूनही फुटाचा दर घेऊ नका. पत्रा किती नग, किती लांबीचे, कोणत्या जाडीचे; सांगाड्याचं लोखंड किती किलो; आढ्याची पट्टी, कडेच्या पट्ट्या आणि पन्हळ किती रनिंग फूट; उतरवणं आणि वाहतूक किती, असं सुटं लिहून मागा. जीएसटी धरून की वगळून तेही लिहून घ्या. पत्र्यावर १८ टक्के आहे, तीन लाखांच्या कामात ‘वरून वेगळा’ हे दोन शब्द जड जातात.

---

उद्यमनगर_फॅब यांचं उत्तर:

मोजपट्टी यांनी क्षेत्रफळ सांगितलं, मी मालाचं सांगतो.

पत्रे. आढं ३४ फूट. पाख्याची उताराची लांबी पावणेसतरा फूट, म्हणून १७ फुटी अखंड पत्रा मागवा. तो मापाने कापून येतो. ८ आणि १० फुटी दोन तुकडे जोडले तर मधे आडवा जोड येतो, आणि छप्पर गळायला लागतं ते बहुतेक तिथूनच. एका पत्र्याची बसल्यावरची रुंदी साधारण ३.२८ फूट, म्हणून ३४ फुटांना ११ पत्रे, दोन्ही पाख्यांना २२. पण पैसे तुम्ही भरता पत्र्याच्या पूर्ण रुंदीचे, म्हणजे साडेतीन फुटांचे: २२ × १७ × ३.५ = १३०९ फूट. छप्पर ११३९ फूट, बिल १३०९ फुटांचं. ही चोरी नाही, एकावर एक चढणारा भाग आहे. मात्र तो आधीच हिशेबात धरा.

जाडी. ‘०.५० चा पत्रा’ म्हणजे रंग आणि जस्त-अॅल्युमिनियमचा थर धरून. आतलं पोलाद त्याहून थोडं पातळच असतं. घरासाठी ०.५० आणि थर एझेड १५० (जस्त-अॅल्युमिनियमच्या थराचा दर्जा) हे कोटेशनवर लिहून घ्या. फसवणूक इथेच होते: सांगायचं ०.५०, आणायचा ०.४०. मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा आहेच. १७ फुटी ०.५० चा पत्रा साधारण २३-२४ किलो भरतो, २२ पत्रे पाचशे ते सव्वापाचशे किलो. ०.४० चा असेल तर सगळे मिळून सव्वाचारशेच्या आत राहतात. गाडी उतरवण्याआधी काटा करा. पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनी, जाडी आणि थर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवा.

सांगाडा. २५ फुटांच्या रुंदीला ८ फुटांवर एक अशा ५ कैच्या (छपराचे तिकोनी लोखंडी आधार), त्यावर ४ फुटांच्या आत पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे पाईप). दोन्ही पाख्यांचे मिळून १२ ओळी × ३४ फूट = ४०८ फूट. पर्लिनला ६० × ४० × २ मिमी पाईप पुरतो. असा सांगाडा प्लेटा आणि तिरकस आधार धरून १,००० ते १,१०० किलोंत होतो. कुणी २ टन सांगितलं तर ड्रॉइंग मागा, ६०० किलो सांगितलं तरीही मागा. पाईपचंही वजन बघा: ६ मीटरचा ६० × ४० × २ मिमी पाईप साडेसतरा किलोंच्या आसपास, १.६ मिमीचा निघाला तर चौदा-सव्वाचौदा. रंगवल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही.

पाईपची उघडी टोकं पत्र्याची चकती लावून बंद करून घ्या. पाणी आत जाऊन पाईप आतून गंजतो आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. वेल्डिंगच्या जागी आधी खपली ठोकून काढायची, मग प्रायमर. खपलीवरच रेड ऑक्साईड मारलं तर दुसऱ्या पावसाळ्यात तिथेच फुगवटा येतो.

स्क्रू. सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडणारे), ईपीडीएम रबराच्या वॉशरचे. ब्रासला ५० धरा, म्हणजे ५७०, शिवाय पत्र्याच्या उभ्या जोडाला दीड-दोन फुटांवर शिवण स्क्रू. एकूण ८०० मागवा. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या ओळींत एकाआड एक चालतो. स्क्रू उंचवट्यावर, सरळ. वॉशर जरासा फुगेपर्यंतच आवळायचा. चपटा होऊन बाहेर आला की उन्हाने चिरतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी थेंब सुरू होतो. मशीनचा क्लच न लावता दणादण मारणारा कारागीर छतावर असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

---

बावड्याचं_घर:

मोजपट्टी दादा, फॅबवाले दादा, आभारी आहे. फोन करून विचारलं. पहिला म्हणतो, ‘तुमचं सागवान दणकट आहे, वासे तेच ठेवू, त्यावर रिपा मारून पत्रा.’ दुसरा आणि तिसरा नवा सांगाडा देणार आहेत. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये तळाला एक ओळ आहे, ‘जुना माल आमचा’. हे नेहमीचं आहे का?

---

जुनं_लाकूड यांचं उत्तर:

नेहमीचं आहे, पण त्या एका ओळीची किंमत काढल्याशिवाय सही करू नका.

सागवान घनफुटाने विकलं जातं. ६ × ८ इंची, १२ फुटी तुळई म्हणजे ४ घनफूट. ३ × ४ इंची, १६ फुटी वासा म्हणजे १.३३ घनफूट. घरातले वासे मोजा, तुळया मोजा. समजा २४ वासे आणि ४ तुळया निघाल्या: ३२ आणि १६ मिळून ४८ घनफूट. जुन्या सुक्या सागाला घनफुटाला दीड हजार जरी धरले तरी ७२,००० रुपये होतात. म्हणजे दुसऱ्याचं कोटेशन ३,१५,५२० चं नाही, पावणेचार लाखांच्या पुढचं आहे. ठेकेदाराला माल द्यायचाच असेल तर आधी लाकडाच्या वखारीतून दोघांना बोलावून भाव घ्या आणि तेवढी रक्कम कोटेशनमधून वजा करून मागा. खिळे काढलेले आणि न काढलेले याच्या भावात फरक पडतो.

आता पहिल्याचं म्हणणं. ‘दणकट आहे’ हे खालून बघून कुणी सांगू शकत नाही. लाकूड कुजतं ते तीन ठिकाणी: वाशाचं वळचणीकडचं टोक, भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक, आणि फुटक्या कौलाखालचा भाग. प्रत्येक वाशाच्या टोकाला जाड दाभण किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबा. पाव इंचापेक्षा जास्त सहज घुसला तर ते टोक गेलं. तुळईचं भिंतीतलं टोक बघायला शेजारची एक वीट काढावीच लागते, ती काढा. हातोडीने ठोकल्यावर भरीव आवाज यायला हवा, पोकळ आला तर आतून वाळवी. खाली पिवळसर बारीक भुसा पडत असेल तर भुंग्याची कीड चालू आहे.

निम्म्याहून जास्त वासे शाबूत निघाले तर मात्र पत्र्याच्या आधी कौलांचा विचार करा असं मी मनापासून सांगेन. तुमचं छप्पर ३० अंशांचं आहे, कौलाला हवा तो उतार आयता आहे. हिशेब असा:

ब्रासला मंगलोरी कौलं १४०-१५०. ११.४ ब्रासला १,६५० च्या आसपास, फूटतूट धरून १,७५०. आढ्यावरचे कोने ३०. जुन्या कौलांतली बरीच परत वापरता येतात. एकेक कौल हातावर धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची: खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बारीक तडा आहे, बाजूला काढायचं. रिपेला अडकणारी मागची नाकं शाबूत हवीत. शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं.

नवी कौलं घेताना जुन्यातलं एक बरोबर न्या. दोन कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही, अर्धा सूत फरकाने पाणी आत येतं. मापं जुळलीच नाहीत तर जुनी सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्यावर घाला. एकाच पाख्यावर मिसळू नका.

रिपा सगळ्या नव्या. दोन रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच, पण खिळा मारण्याआधी तुमच्याच कौलांच्या दोन ओळी मांडून माप घ्या. एका पाख्याला १७ ओळी, दोन्ही पाख्यांच्या मिळून १,१५६ रनिंग फूट. २ × १ इंची रीप म्हणजे १६ घनफूट लाकूड. वाळवीचं औषध बसवण्याआधी चारी बाजूंनी मारायचं, बसवल्यावर फक्त खालची बाजू हाती लागते.

---

रंकाळा_सिव्हिल यांचं उत्तर:

सगळे छपराबद्दल बोलताहेत, मला काळजी भिंतींची आहे.

सध्या तुमच्या भिंतींवर नुसत्या कौलांचं वजन १,६५० × अडीच किलो, म्हणजे चार टनांच्या वर आहे. पावसात कौल पाणी पितं, तेव्हा आणखी. पत्रे सगळे मिळून अर्धा टन. ठेकेदार सांगतील की भिंतीवरचा भार हलका झाला, चांगलं झालं. ते अर्धंच खरं आहे. मातीत बांधलेल्या भिंतीवर तुळया नुसत्या टेकवलेल्या असतात. त्यांना आजवर खाली दाबून धरलं ते कौलांच्या वजनाने. वारा आला की कौलांच्या फटींतून हवा निसटते, फार तर चार कौलं उडतात. पत्र्याचं छप्पर अखंड असतं, खालून वारा भरला की छत्रीसारखं उचलतं. वळिवात पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आपल्या जिल्ह्यातून येतात. त्यात बऱ्याचदा स्क्रू तुटलेला नसतो, पत्रा वाशासकट गेलेला असतो. म्हणजे स्क्रू आपलं काम करतो, पण वासा भिंतीला बांधलेलाच नसतो. तुमच्याकडे २ फुटांची वळचण आहे, वारा भरायला ती आयती जागा.

म्हणून पत्रा घालायचा असेल तर भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी आरसीसीचा पट्टा हवाच. तिघांच्याही कोटेशनमध्ये तो आहे का बघा. बहुधा नसेल.

घराचा घेर ११० फूट. पट्टा १५ इंच रुंद, ६ इंच उंच धरला तर ६९ घनफूट काँक्रीट, म्हणजे जवळजवळ २ घनमीटर. एम २० दर्जाच्या काँक्रीटला १६ पोती सिमेंट. १० मिमीच्या ४ सळ्या, जोड धरून ९० किलो, ८ मिमीच्या रिंगा ९ इंचांवर, ५५-६० किलो. एकूण लोखंड १५० किलो. कोपऱ्यात सळई वळवून दीड-दोन फूट पुढच्या भिंतीत न्यायची. कोपऱ्यात कापलेली सळई म्हणजे पट्टा नव्हे, चार सुटे तुकडे. काँक्रीट ओतण्याआधीच प्रत्येक कैचीच्या जागी १२ मिमीचे २ अँकर बोल्ट खालच्या सळईत अडकवून बांधायचे. मागाहून भोक पाडून घातलेला बोल्ट या कामाला चालत नाही. माथ्याचे सैल थर काढून, धूळ झाडून, ओल्या विटेवर काँक्रीट. सात दिवस पाणी मारल्याशिवाय कैची चढवू नका. ठेकेदाराला घाई असते, तुम्ही तारीख लिहून ठेवा. हे सगळं ४०,००० च्या आसपास जाईल.

वासे तेच ठेवले तरी पट्टा आणि वाशाला धरणारी लोखंडी पट्टी लागणारच. पहिल्याच्या १,४२,५०० मध्ये ते मिळवा, मग तुलना करा.

स्लॅबबद्दल थोडक्यात: नको. ५ इंची स्लॅब फुटाला २९ किलो. वळचणीसकट ९८६ फूट म्हणजे साडेअठ्ठावीस टन, वर वॉटरप्रूफिंगचा कोबा वेगळा. चार टन पेलणाऱ्या मातीच्या भिंतीवर त्याच्या सातपट. कोल्हापूर भूकंपप्रवण भागात आहे, कोयना लांब नाही. स्लॅब हवा असेल तर पायापासून कॉलम घ्यावे लागतील, म्हणजे नवं घरच. त्याला महापालिकेची परवानगीही लागेल. उंची न वाढवता छप्पर बदलायचं असलं तरी एकदा आपल्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या.

---

पेठेतली_गच्ची यांचं उत्तर:

रंकाळा_सिव्हिल यांच्याशी सहमत. सुटलेल्या दोन-तीन गोष्टी जोडते.

पन्हळ. कौलांच्या पागोळ्या लांबीभर सुट्या पडतात, पत्र्याचं पाणी एकदम धावतं. पन्हळ नसेल तर वळचणीखाली चर पडतो आणि तेच पाणी मातीच्या भिंतीच्या पायात जातं. दोन्ही बाजूंची मिळून ६८ फूट पन्हळ, प्रत्येक बाजूला ४ इंची दोन पाईप, एक नको. पानं अडकून एक तुंबला तर दुसरा हवा. पन्हळीला १२ फुटांना एक इंच उतार, आणि आधाराचे क्लँप अडीच-तीन फुटांवर, नाहीतर मधे झोळ पडून पाणी साचतं. पत्रा पन्हळीत दोन इंच आत यायला हवा.

पेठांमधल्या वाचकांसाठी: मंगळवार, शुक्रवार पेठेत घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिथे सामाईक भिंतीच्या कडेची पन्हळ ही सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. शेजाऱ्याशी आधी बोला, भिंत आणि पत्र्याचा सांधा झाकणारी पट्टी कुणाच्या भिंतीत किती खाचणार हे ठरवा. आणि ती रंगीत पट्टी ओल्या सिमेंटमध्ये थेट गाडू नका. सिमेंट आणि चुना जस्त-अॅल्युमिनियमचा थर खातात. खाच मारून पट्टी आत वळवायची आणि सीलंटने भरायची.

उष्णता आणि आवाज. कौलांखाली मे महिन्यात दुपारी निजता येतं, उघड्या पत्र्याखाली येत नाही. पावसाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, घरात म्हातारी माणसं किंवा शिकणारी मुलं असतील तर याचा विचार करा. पर्लिन आणि पत्रा यांच्यामध्ये ८-१० मिमीचं चांदीवर्खी फोम अंथरून मगच पत्रा घालायचा. नंतर खालून चिकटवलेलं दोन उन्हाळ्यांत लोंबतं. याने थंडीत पत्र्याखाली घाम धरून टिपकणंही थांबतं. बजेट असेल तर पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेला) घ्या, पण त्याचा दर साध्या पत्र्याच्या दुपटीपुढे जातो.

कुणाकडे जुना सिमेंटचा पत्रा उतरवायचा असेल तर: त्यात अॅस्बेस्टॉस असतो. फोडू नका, सुका कापू नका, वरून ढकलून देऊ नका. पाणी मारून, बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्या, तोंडाला चांगला मास्क, आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. तुकडे परड्यात भर म्हणून टाकू नका.

---

बावड्याचं_घर:

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. काल वाशांना दाभण लावून बघितलं. २६ पैकी १७ वाशांची टोकं गेलेली आहेत, म्हणून कौलांचा विचार सोडावा लागतोय. नवा सांगाडा, पट्टा, पत्रा असं धरून एकूण किती तयारी ठेवू? पैसे कसे सोडू?

---

मोजपट्टी यांचं उत्तर:

दर रोज हलतात, म्हणून खालचे दर नमुन्याला धरलेत. परिमाणं तुमच्या घराची आहेत, दर बाजारात विचारून बदला.

पत्रा १३०९ फूट × ५० = ६५,४५०
सांगाडा १,०५० किलो × ११० (माल, वेल्डिंग, चढवणं) = १,१५,५००
आरसीसी पट्टा = ४०,०००
आढ्याची पट्टी ३४ फूट आणि कडेच्या पट्ट्या ६७ फूट = १०,०००
पन्हळ आणि पाईप = १४,०००
स्क्रू आणि सीलंट = ५,०००
कौलं आणि लाकूड उतरवणं = १५,०००
पत्रा बसवण्याची मजुरी = १५,०००
फोम ११३९ फूट × २० = २२,७८०

बेरीज ३,०२,७३०. रंग, मचाण, वाहतूक आणि ठेकेदाराचा नफा १५ टक्के धरला तर ३,४८,००० च्या आसपास. त्यातून जुन्या सागवानाचे पैसे वजा. कुजलेली टोकं कापून टाकली तरी वाशाचा १२-१३ फूट माल चांगला निघतो. म्हणून तिसऱ्या ठेकेदाराच्या ३,०१,८३५ मध्ये पट्टा आणि फोम धरला नसेल तर तो आकडा स्वस्त नाही, पण लुटीचाही नाही. त्याच्याशीच बोलणी करा, त्याने माप तरी खरं घेतलंय. वर २५-३० हजार हाताशी ठेवा. माथ्याचे थर उतरवताना भिंत अपेक्षेपेक्षा जास्त सैल निघते.

पैसे: सहीला २० टक्के, माल दारात आल्यावर आणि काटा झाल्यावर ४०, सांगाडा चढल्यावर २०, पत्रा पूर्ण झाल्यावर १०, उरलेले १० पहिल्या मोठ्या पावसानंतर. हे शेवटचे १० टक्के कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

वेळ: उतरवायला २ दिवस, पट्टा ४ दिवस आणि वर ७ दिवस पाणी, सांगाडा ४-५ दिवस, पत्रा आणि पट्ट्या ३ दिवस. सलग धरून तीन आठवडे घर उघडं. म्हणून मार्चमध्ये हात घाला. मिरगाच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत आणि मधे वळीव गाठतो. ताडपत्री तीन आठवडे टिकेल अशी जाड घ्या आणि दोराने भिंतीला बांधा. नुसती दगडं ठेवून राहत नाही.

---

उद्यमनगर_फॅब यांचं उत्तर:

एक राहिलं. पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावायला घ्या, पश्चिमेकडे सरकत. पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो. असं केल्यावर प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून बसते. तुमचं आढं पूर्व-पश्चिम असेल तरच हे लागू, दक्षिण-उत्तर असेल तर पश्चिमेच्या पाख्यावर उभ्या जोडात सीलंटची पट्टी घाला.

आणि पत्रा कापायला ग्राइंडर वर चढू देऊ नका. ठिणगीने कडेचा रंग आणि खालचा थर जळतो, शिवाय लोखंडाचा तांबूस कीस पत्र्यावर पसरतो. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडून कापणाऱ्या हत्याराने) कापायचं. रोज संध्याकाळी काम थांबवताना मऊ झाडूने सगळा पत्रा झाडून घ्या, स्क्रूच्या भोकांतून निघालेला बुरासुद्धा. रात्रीच्या दवाने तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर सकाळी तांबडे ठिपके दिसतात, ते नंतर पुसून जात नाहीत.

---

बावड्याचं_घर:

आढं पूर्व-पश्चिमच आहे. तिसऱ्याला रविवारी बोलावलंय, ही सगळी यादी घेऊन बसतो. लाकडाच्या वखारीतूनही एक जण येणार आहे, खिळे आधी काढून ठेवतो.